रुईच्या गाठींवरची सत्यभामा

सत्यभामा मुनेश्वर आर्णीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होती. वय सेहेचाळीस, स्वभाव शांत, आणि बापावर एकच राग, तोही जवळजवळ तेवढ्याच वयाचा. राग स्वतःच्या नावाचा होता. छप्पन साली वस्तीनं धम्मदीक्षा घेतली, घरोघरचे देव नदीत गेले, आणि त्यानंतर चार वर्षांनी झालेल्या लेकीचं नाव उकंडा भगतानं ठेवलं काय, तर सत्यभामा. बरोबरीच्या पोरी मैत्रेयी, सुजाता, यशोधरा. ही एकटी कृष्णाची बायको. विहारात, महिला मंडळात, जयंतीच्या मिटिंगीत कोणी ना कोणी विचारायचंच, "काहून बाई, असं नाव?"

लहान असताना तिनं हाच प्रश्न बापाला विचारला होता. उकंडा म्हणाला होता, "तुया आज्याचं नाव होतं."

आता हे उत्तर चारचौघांत सांगायचं कसं? आज्याचं नाव डोमा होतं, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. उकंडाला मधूनच लहर येते, तेव्हा तो असं काहीबाही बोलतो, असा निकाल तिच्या आईनंच लावून टाकला होता. सत्यभामेनं पुन्हा विचारलं नाही. उकंडानंही पुन्हा सांगितलं नाही. एकदा सांगितलेली गोष्ट परत सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

पण यंदा गोष्ट गळ्याशी आली होती. लेक दीपाचं लग्न ठरलं होतं. मुलगा अतुल, नागपूरचा, बँकेत. माणसं चांगली, चळवळीतली. मुलाचे मामा फार सभ्य गृहस्थ. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून हळूच विचारलं, "ताई, पत्रिकेत आईचं हेच नाव टाकायचं का? दुसरं काही नाही का?" शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. सत्यभामेनं दुसऱ्याच दिवशी राजपत्रात नाव बदलायचा अर्ज आणला. नवं नाव मैत्रेयी. फोटो चिकटवला, रकाने भरले, फक्त सही राहिली. घरी बापाला सांगितलं. ब्याऐंशी वर्षांचा उकंडा बाजेवर बसून भाकर खात होता. तो म्हणाला, "तुयी मर्जी." आणि उरलेली भाकर तशीच झाकून ठेवली. उकंडा भाकर टाकणारा माणूस नव्हता. सत्यभामेला ते टोचलं, पण अर्ज तिनं फाडला नाही. वाचनालयाच्या टेबलाच्या खणात ठेवला.

ती वर्षं नावाला कापसाची होती, खरी होती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चौकशी करणाऱ्या पथकांची. दिल्लीचं पथक, मुंबईचं पथक, कुठल्याशा विद्यापीठाचं पथक. गाड्या यायच्या, उतरलेली माणसं लोकांना दुःख विचारायची, फोटो काढायची आणि संध्याकाळच्या आत यवतमाळच्या हॉटेलात परतायची. गावात कापूस सोडून सगळ्याला भाव आला होता. एक पथक वाचनालयाकडंही येणार होतं. ते दुःख विचारणारं नव्हतं, ग्रंथालयाचा अनुदानासाठीचा वर्ग तपासणारं होतं. म्हणून अध्यक्ष इंद्रजितबाबू देशमुखांनी हुकूम सोडला की मागच्या खोलीतली वाळवी हटवा आणि ते जुनं कपाट एकदाचं उघडा.

कपाट इंद्रजितबाबूंच्याच पणजोबांचं. पणजोबांची एके काळी गावात कापसाची जिनिंग होती. पुढं जिनिंग बसली. तिचं ऑफिस मोडलं तेव्हा कपाट वाचनालयाला दान मिळालं. दान देताना खालच्या खणाची किल्ली सापडली नव्हती. दानाच्या कपाटाची किल्ली कोण मागतो? साठ वर्षं तो खण बंद होता. शिपाई बळीरामनं पहार लावली आणि खण मोडूनच बाहेर आला.

आत जरीच्या पडद्याचा एक तुकडा, आणि त्यात गुंडाळलेले जाड पुठ्ठ्यावरचे फोटो. दहा-बारा असतील. मागं काही लिहिलेलं नाही, फक्त अमरावतीच्या कुठल्या तरी स्टुडिओचा उठावाचा शिक्का. फोटो संगीत नाटकाचे होते. रंगवलेला राजवाड्याचा पडदा, त्याच्या पुढं भरघोस मिशांचा कृष्ण, वीणा घेतलेला पोट सुटलेला नारद, पायपेटीवाला, तबलजी. आणि हे सगळं उभं होतं रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठींवर. जिनिंगच्या आवारात गाठी रचून त्यांचंच स्टेज केलं होतं. गाठींच्या लोखंडी पट्ट्या फोटोत स्वच्छ दिसत होत्या. सुगीत गावात पैसा खुळखुळायचा, तेव्हा नाटक कंपन्या कापसाच्या गाड्यांमागोमाग यायच्या, हे सत्यभामेनं ऐकलं होतं. पाहिलं आत्ता. ती जमिनीवरच बसली आणि बराच वेळ उठली नाही. एवढं सुंदर काही या खोलीत आपल्या पाठीमागं पडून होतं आणि आपण वीस वर्षं इथं रद्दी मोजत बसलो, याचं तिला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फोटो काचेच्या टेबलात मांडले आणि वर कागद लावला: 'यांना कोणी ओळखतं का?'

त्या वर्षांत असा प्रश्न लेखी विचारणं म्हणजे आफत ओढवून घेणं. गावानं बरोबर अर्थ लावला: मेलेल्या माणसांचे फोटो सरकारनं लावले आहेत, ओळखेल त्या वारसाला काहीतरी मिळणार. दोन दिवसांत नारदाला तीन नातू झाले. पायपेटीवाल्याला एक विधवा सून मिळाली. लोक पुरावा म्हणून रेशनकार्ड घेऊन येत आणि आपलं नाक फोटोशेजारी धरून दाखवत. सत्यभामा प्रत्येकाला सांगायची, की बाबा, हे नाटक आहे. लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, "मंग अर्ज कुठं द्याचा?"

तांड्यावरचा खेमसिंग राठोड तेवढा काही मागायला आला नाही. तो रोज कापसाचा भाव वाचायला यायचा आणि वाचून पेपरची घडी पहिल्यापेक्षा नीट करून ठेवायचा. त्यानं तुलाभाराच्या प्रवेशाचा फोटो निरखून पाहिला. नाटकातल्या सत्यभामेनं नवरा नारदाला दान दिला, आता त्याच्या वजनाइतकं सोनं घालून तो सोडवायचा, हा तो प्रवेश. कंपनीकडं तराजू नसावा. त्यांनी जिनिंगचाच कापूस मोजायचा काटा वापरला होता. एका पारड्यात कृष्ण मांडी घालून बसला होता.

"मॅडम, देवालेबी याच काट्यावर बसवलं का?"

"दिसतं तर तसंच."

"मंग त्याचंबी वजन कमीच भरलं असंल," खेमसिंग म्हणाला आणि घरी गेला.

तिसऱ्या दिवशी इंद्रजितबाबू आले. एका फोटोपाशी थांबले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या फोटोत नाटकातली सत्यभामा एकटी होती. नऊवारी शालू, गळाभर दागिने, नाकात नथ, एक पाय किंचित पुढं, मागं जिनिंगचा काटा. नजर अशी की समोरच्यानं आपोआप चप्पल काढावी.

"या आमच्या पणजीबाई," इंद्रजितबाबू म्हणाले.

त्यांच्या घरात पणजीच्या रूपाच्या कथा पिढ्यानपिढ्या चालत आल्या होत्या. सोन्यानं मढलेली असायची, जिनिंगमध्ये आली की काम थांबायचं, वगैरे. फोटो मात्र एकही नव्हता. आता पणजोबांच्याच कपाटातून, पणजोबांच्याच काट्याशेजारी उभी असलेली सोन्यानं मढलेली बाई निघाली, तर ती दुसरी कोण असणार? त्या काळी नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे, हे इंद्रजितबाबूंनी शाळेत वाचलं असणारच. पण ते ज्ञान स्वतःच्या घरापर्यंत आणायचं त्यांना सुचलं नाही. सोबतची माणसंही म्हणाली, "बाबू, नाक तुमचंच." झालं. एक मे रोजी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात मोठा फोटो, हार, नारळ, भाषण. खालच्या पाटीवर चार ओळी काय लिहायच्या ते ग्रंथपालबाईंनी बघायचं.

सत्यभामेनं फोटो मोठा करायला देण्याआधी भिंग लावून पाहिला. चेहरा नाही पाहिला. तिची नजर कमरेवर अडकली. पदराचं टोक कमरेला गुंडाळून उजव्या बाजूला पंख्यासारखं दुमडून खोचलं होतं, आणि त्यातली एक घडी मुद्दाम बाहेर, खाली लोंबती सोडली होती. सत्यभामेनं भिंग आणखी जवळ नेलं.

हा खोचा सगळ्या जिल्ह्यात एकच माणूस घालायचा. तिचा बाप.

वस्तीत लग्न असलं की नवरीचं पांढरं नऊवारी लुगडं कसं नेसायचं ते दाखवायला उकंडाला बोलावणं यायचं. नवरीला तो हात लावायचा नाही. घरातल्या कुठल्याही पोरग्याला मधे उभं करायचा, त्याच्यावर लुगडं नेसवून दाखवायचा, बायका बघून घ्यायच्या आणि आतल्या खोलीत नवरीला तसंच नेसवायच्या. जन्मभर या ना त्या जिनिंगमध्ये गाठी बांधणाऱ्या हमालाला हे कुठून आलं, असं कोणी विचारलं नाही. बायका त्याला 'उकंडाचा खोचा' म्हणायच्या आणि त्याशिवाय लग्न लागलं तर मोडतं, असंही एक-दोघी म्हणायच्या. सत्यभामेचं स्वतःचं लग्न त्याच खोच्यात लागलं होतं. उकंडा सांगायचा, हे मी बापाकडून शिकलो. बाप लेकाला लुगडं नेसायला कशाला शिकवेल, हाही प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आता पडला, आणि बसल्या जागी त्याचं उत्तरही मिळालं. तुया आज्याचं नाव होतं.

तिनं फोटो पडद्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि घरी नेला. काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. नुसता बापाच्या मांडीवर ठेवला. उकंडाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा नावाला. त्यानं जाड चष्मा पुसला, फोटो उजेडाकडं धरला आणि बोट खोच्यावरून हळूहळू फिरवलं.

"बा हाये," तो म्हणाला. "बारीक होता, नाई?"

सत्यभामेला रडू आलं. तिनं ते रागात घातलं. "मला सांगितलं काहून नाही एवढी वर्षं?"

"सांगतलं ना. नाव ठेवलं तवाच सांगतलं."

मग तो बोलला. सलग, जसं दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

"बा सोळा-सतरा वर्साचा असंल. जिनिंगात गाठीचा कापूस पायानं दाबाच्या कामावर. कापूस दाबता दाबता गाणं म्हणे. कंपनी आली आन तिची सत्यभामा पडली हिवतापानं. कंपनीचा मालक डोक्याले हात लावून बसला. त्याले गाठी दाबाच्या प्रेसमधून आवाज आयकू आला. त्यानं बाले इचारलं, गाणं येते का? मंग इचारलं, मिशी आली का? जात इचारलीच नाई. इचारली असती तं नाटक बंद ठेवा लागलं असतं."

"मग?"

"मंग काय. धा-पंधरा खेळ केले. गाव येडं झालं. देशमुखाच्या गाडीतून फोटोवाला आणला अमरावतीचा. बा म्हणे, पडद्याच्या तिकडं मी राणी, इकडं महार, आन मधात एक कापड. अखेरच्या खेळाले अंक संपला, घसा कोरडा पडला. कोणं तरी पाण्याचा लोटा समोर केला. बानं काय कराव? खाली बसला उकिडवा आन ओंजळ धरली तोंडापाशी. आंगावर शालू, नाकात नथ, आन ओंजळ. सवय ना बाई. वरून पाणी ओतल्याबिगर त्याच्या घशाखाली कधी पाणी गेलंच नोतं. तिथंच समजलं सगळ्याले."

सत्यभामेची नजर फोटोतल्या दागिन्यांवर गेली.

"लगेच नाई मारलं," उकंडा म्हणाला. "आंगावर दागिने होते. खोटे असले तरी देवाचे ना. पयले दागिने काढून घेतले, मंग मारलं. कंपनी त्याच रात्री गेली. गाव मात्र बाले मरेपर्यंत सत्यभामाच म्हणे. चिडवाले. पोरंसोरं दगड मारत, 'ए सत्यभामा.' त्याचं डोमा नाव गावात कोणी घेतलंच नाई. छप्पनच्या आधीच गेला तो. मंग वस्तीनं ते चिडवणं पुरून टाकलं, तुया मायनंबी." त्यानं फोटो पुन्हा उजेडाकडं धरला. "तू झाली तवा मले सगळे म्हणत, देवाचं नाव काहून ठेवतं. मी देवाचं कुठं ठेवलं? बापाचं ठेवलं. म्हटलं, आता याच नावानं कोणी माह्या पोरीले मानानं हाक मारंल. सत्यभामाबाई म्हणून मारतात आता. झालं ना."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "देशमुखानं फोटो जाळले काहून नाई, हे मातर मले समजलं नाई. कुलूप लावून ठेवले म्हणतात?"

"हो."

"आवडला असंल त्याले," उकंडा म्हणाला आणि फोटो परत दिला.

सत्यभामा इंद्रजितबाबूंच्या घरी गेली. न सांगता पाटी लिहिणं तिला पटत नव्हतं, आणि नोकरी त्यांच्या एका सहीवर होती हेही ती विसरली नव्हती. बाबू झोपाळ्यावर होते.

"भाऊ, तो फोटो बाईचा नाही."

"अगदी बरोबर," इंद्रजितबाबू म्हणाले. "बाई नाहीच. देवी आहे."

"भाऊ, ते नाटकातलं काम आहे. पुरुष आहे तो. माझे आजोबा आहेत."

इंद्रजितबाबूंनी झोपाळा थांबवला. तिच्याकडं मायेनं पाहिलं. "ताई, तुमच्या वस्तीला आमच्या घराबद्दल किती आपुलकी आहे हे मला माहीत नाही का? तुमचे आजोबा आमच्या जिनिंगमध्येच होते. घरचेच म्हणायचे. पण म्हणून पणजी कशी देऊ तुम्हाला?" आणि झोपाळा पुन्हा सुरू केला. "पाटीवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. तुमचं मराठी चांगलं आहे. तुम्ही लिहा, मी वाचतो."

हे त्यांनी खरंच म्हटलं. इंद्रजितबाबूंची ती पद्धतच होती. समोर आलेला मजकूर ते आधी कधी वाचत नसत, थेट माइकवर वाचत. एका पंधरा ऑगस्टला त्यांनी 'येथे टाळ्या' हेदेखील वाचलं होतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

सत्यभामेनं पाटी लिहिली. दोनदा लिहून फाडली, तिसऱ्यांदा ठेवली.

एक मे रोजी सकाळीच ऊन चढलं होतं. सभागृहात शंभरेक माणसं. नारदाचे तिन्ही नातू वेगवेगळ्या रांगांत बसले होते, अजून काही जाहीर झालं तर आपण नको चुकायला. खेमसिंग दाराशी उभा. उकंडाला ज्येष्ठ नागरिक म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली होती. पांढरा सदरा, हातात काठी. पाटीवर काय आहे ते त्याला माहीत होतं. सत्यभामेनं आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. त्यानं ऐकून एवढंच विचारलं होतं, "तुयी नौकरी?" ती म्हणाली होती, "बघू."

इंद्रजितबाबूंनी फोटोवरचं कापड ओढलं. हार घातला. कुंकू लावलं. नारळ फोडला, पाणी फोटोपुढं शिंपडलं, आणि दोन्ही हात जोडून वाकले, अगदी कपाळ चौकटीला टेकेपर्यंत. त्यांच्या मागं सगळी कार्यकारिणी वाकली. ज्यांना वाकायचं नव्हतं तेही वाकले, कारण पुढचा वाकला की मागच्याला अवघडल्यासारखं होतं. मग बाबूंनी माइक घेतला आणि पाटी वाचायला लागले, खड्या आवाजात, एकेक शब्द तोलून.

"सत्यभामेच्या भूमिकेत डोमा भगत. आर्णीच्या जिनिंगमधील गाठी दाबणारे कामगार. राहणार महारवाडा, आर्णी. कापसाच्या सुगीत, याच गावात, रुईच्या गाठींवर झालेल्या संगीत नाटकात त्यांनी हे काम केले. लुगडे त्यांनी स्वतः नेसलेले आहे. हे छायाचित्र इतकी वर्षे कुलपात जपून ठेवल्याबद्दल हे वाचनालय देशमुख कुटुंबाचे आभारी आहे."

'आभारी आहे' ऐकल्यावर लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या बराच वेळ चालल्या. मग पुढच्या रांगेतून एकेक थांबत गेली आणि मागंपर्यंत पोचेतो सगळं गार झालं. इंद्रजितबाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि या खेपेला पाटी मनातल्या मनात वाचली. त्यांच्या कपाळाला फोटोचं कुंकू लागलेलं होतं.

त्या शांततेत उकंडा उठला. काठी टेकत फोटोपाशी गेला. लोकांना वाटलं, हात जोडेल. त्यानं हात जोडले नाहीत. फोटोकडं पाठ केली, लोकांकडं तोंड केलं, काठी दोन्ही हातांनी आडवी धरली आणि उभा राहिला. सत्यभामेला आधी कळलं नाही. मग कळलं. फोटोत कोण आहे ते सगळ्यांना समजलं होतं. अशा वेळी पुढं काय होतं, हे त्याच्या बापानं त्याला सांगून ठेवलं होतं. आधी दागिने काढतात. तो दागिन्यांची राखण करत उभा होता. ब्याऐंशी वर्षांचं म्हातारं, एक डोळा अधू, आणि समोर शंभर माणसं.

कोणी पुढं आलं नाही. कार्यकारिणीतला एक जण म्हणाला, "फोटो उतरवा रे." पण हार घातलेला, कुंकू लावलेला, नारळ फोडलेला फोटो उतरवायचा कसा, हे कोणालाच माहीत नव्हतं. शिवाय मधे उकंडा होता. सगळे इंद्रजितबाबूंकडं बघायला लागले. बाबूंनी माइक बंद करायचा सोडून तोंडाशी धरला आणि म्हणाले, "पाणी."

बळीराम धावत पाण्याचा पेला घेऊन आला. अध्यक्षांचा तो पेला वेगळा असायचा, पितळी, कपाटातला. बाबूंचा हात काही पुढं होईना. ते फोटोतल्या नाकाकडं बघत होते. उकंडा शेजारीच होता. बोलून बोलून नाही, पण उभं राहून राहून त्याचा घसा सुकला होता. त्यानं काठी काखेत मारली, बळीरामच्या हातातून पेला घेतला, तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन रिकामा पेला परत दिला.

बळीरामनं बाबूंकडं पाहिलं. बाबूंनी पेल्याकडं पाहिलं.

"अजून एक आण," इंद्रजितबाबू म्हणाले.

बळीरामनं तोच पेला भरून आणला. बाबूंनी तो घेतला, क्षणभर हातात धरला, आणि प्यायले. मग फोटो उतरवायचं कोणी बोललं नाही. चिवड्याच्या प्लेटा आल्या. सत्यभामा बापाच्या हाताला धरून म्हणाली, "बाबा, चला आता. कोणी काढत नाही." उकंडानं एकदा सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली, खात्री करून घेतली आणि काठी सरळ केली.

नोकरी गेली नाही. इंद्रजितबाबू पुढं महिनाभर वाचनालयाकडं फिरकले नाहीत. आले तेव्हा फोटोखाली थांबले आणि सत्यभामेला म्हणाले, "पण ताई, काम मात्र छान केलं असणार हो." ती म्हणाली, "हो भाऊ." खणातला अर्ज तिनं एक मेच्याच संध्याकाळी काढला होता. त्यावर चिकटवलेला स्वतःचा फोटो तेवढा सोडवून घेतला, चांगला आला होता. बाकीचा रद्दीत गेला.

दीपाचं लग्न मे अखेरीला लागलं. उकंडानं शेजारच्या पोरग्याला मधे उभं करून पांढरं लुगडं नेसवून दाखवलं. निऱ्या दोनदा सुटल्या, पण खोचा जमला, एक घडी बाहेर. बायकांनी आत जाऊन दीपाला तसंच नेसवलं. मंगलमैत्री झाली, जेवणं झाली. मुलाचे मामा हातात पत्रिका घेऊन सत्यभामेजवळ आले. फार सभ्य गृहस्थ. पत्रिकेवर जाड अक्षरात छापलेल्या नावावर त्यांनी बोट ठेवलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "ताई, नाव बदलायचं राहूनच गेलं वाटतं."

"राहिलं नाही," सत्यभामा म्हणाली. "माझ्या आज्याचं नाव आहे."